वय झाले, म्हणून उपचार नकोत?

आपल्या समाजात वडीलधाऱ्यांविषयी आदर आहे असे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते बव्हंशी खरेही आहे. तथापि घरातील वृद्ध माणसाला एखादा गंभीर आजार जडला, की याच आदराच्या पोटातून एक वाक्य हळूच बाहेर पडते : 'आता त्यांचे वय झाले, या वयात कशाला त्यांचे हाल करायचे?' हे बोलणाऱ्याच्या मनात बहुधा दुष्टावा नसतो. मायेपोटीच ते बोलले जाते. डॉक्टरही पुष्कळदा मान डोलावतात आणि प्रश्न तेथेच मिटतो. परंतु काही आजारांच्या बाबतीत हेच मायेचे वाक्य वृद्धाच्या वाट्याला अधिक हाल आणते. मूत्राशयाचा कर्करोग हा त्यांपैकी एक होय. मूत्राशय काढून न टाकता या रोगावर करावयाचे उपचार गेल्या चाळीस वर्षांत बरेच पुढे गेले आहेत. त्यांचा सर्वाधिक लाभ वृद्धांना होण्यासारखा आहे. आणि तरीही त्या लाभास सर्वाधिक मुकतात तेही वृद्धच. या विसंगतीकडे वाचकांचे आणि शासनाचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मूत्राशयाचा कर्करोग हा मुख्यतः उतारवयाचा रोग. अमेरिकेतील नोंदींनुसार निदानाच्या वेळी रुग्णाचे मध्यम वय ७३ च्या आसपास असते. २०२२ साली जगभरात या रोगाचे सुमारे ६ लाख १४ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे २ लाख २० हजार माणसे त्याने दगावली. पुरुषांत त्याचे प्रमाण स्त्रियांच्या तिपटीहून अधिक आहे. विडी-सिगारेट हे त्याचे सर्वांत मोठे कारण. जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या रोगाचा दोष तंबाखूच्या धुराकडे जातो. धुरातील विषारी द्रव्ये रक्तात जातात, मूत्रपिंडांतून गाळली जातात आणि लघवीबरोबर मूत्राशयात तासन्‌तास साचून राहतात. रंगाच्या कारखान्यांतील काही रसायनांचेही असेच आहे. फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी ही गोष्ट रंगकामगारांमध्ये पाहून १८९५ सालीच जगापुढे मांडली होती.

या रोगाची पहिली खूण बहुधा एकच असते : लघवीतून रक्त जाणे, आणि तेही कोणतीही वेदना न होता. वेदना नसते, म्हणूनच माणूस फसतो. रक्त एक-दोन दिवस दिसते, मग आपोआप थांबते. 'उष्णता झाली असेल' म्हणून शहाळ्याचे पाणी आणि धण्याजिऱ्याचा काढा घेतला जातो, रक्त थांबल्याचे श्रेय त्या काढ्याला मिळते आणि महिन्यांमागून महिने निघून जातात. सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांत निदान होते तेव्हा रोग मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरताच असतो. तेथे तो दुर्बिणीने खरवडून काढता येतो. उरलेल्या एक-चतुर्थांशात मात्र तो मूत्राशयाच्या स्नायूंत शिरलेला असतो. आमच्या आजच्या विवेचनाचा विषय हा दुसरा, खोल गेलेला रोग आहे.

अशा रोगावर जगभर प्रस्थापित झालेला उपचार म्हणजे संपूर्ण मूत्राशय काढून टाकणे. पुरुषांत त्याबरोबर प्रोस्टेट ग्रंथी जाते, स्त्रियांत बहुधा गर्भाशय आणि योनिमार्गाचा काही भाग. शक्य असेल तेथे आधी सिसप्लॅटिनयुक्त औषधांची केमोथेरपी देतात. मूत्राशय गेल्यावर लघवीला दुसरी वाट हवी. ती काढण्याची रूढ पद्धत अमेरिकन शल्यविशारद युजीन ब्रिकर यांनी १९५० साली वर्णिली. लहान आतड्याचा एक तुकडा वेगळा करून त्याची नळी बनवितात, मूत्रवाहिन्या तिला जोडतात आणि तिचे तोंड पोटावर उघडतात. तेथे लावलेल्या पिशवीत जन्मभर लघवी जमा होत राहते. या शस्त्रक्रियेने असंख्य रोग्यांना जीवदान दिले आहे, यात शंका नाही. पण ती मोठी शस्त्रक्रिया आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगसारख्या अग्रगण्य कर्करोग केंद्राने आपल्या ११४२ रुग्णांचा हिशेब २००९ साली प्रसिद्ध केला, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या ९० दिवसांत ६४ टक्के रुग्णांत कोणती ना कोणती गुंतागुंत झाल्याचे दिसून आले. जगातील उत्तम हातांची ही कथा. जेथे अशा शस्त्रक्रिया वर्षाकाठी मोजक्याच होतात, तेथे यापेक्षा बरे चित्र असणे कठीण. रोगी ऐंशीच्या घरातला, हृदय थकलेले, मूत्रपिंडे अर्ध्या शक्तीने चालणारी, अशी स्थिती असेल तर शल्यविशारद कचरतो आणि त्याचे कचरणे रास्तच असते.

येथवर कोणाचेही काही चुकलेले नाही. चूक होते ती यापुढच्या पायरीवर. 'शस्त्रक्रिया झेपणार नाही' याचा अर्थ 'आता काही करण्यासारखे नाही' असा लावला जातो. अमेरिकेत २००४ ते २००८ या काळातील अशा २८,६९१ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा रोग बरा करण्याच्या उद्देशाने पुरेसे उपचार त्यांपैकी केवळ ५२.५ टक्के रुग्णांना मिळाल्याचे आढळले. किरणोपचार मिळालेले तर जेमतेम ७.६ टक्के. जसजसे वय वाढत जाई, तसतसे उपचार मिळण्याचे प्रमाण घसरत जाई. जेथे यंत्रांची वा तज्ज्ञांची वाण नाही अशा संपन्न देशातील ही स्थिती आहे.

आणि काही न करण्याचे फळ काय? हा रोग वृद्ध माणसाला शांतपणे मरू देत नाही. मूत्राशयातून पुनःपुन्हा रक्त वाहते, रक्ताच्या गाठींनी लघवी अडते, नळी घालण्यासाठी रात्री-अपरात्री इस्पितळ गाठावे लागते, रक्त चढवावे लागते. पुढे मूत्रपिंडे तुंबतात, रोग हाडांत उतरतो. उपचार न झालेले बहुतेक रुग्ण दोन वर्षांच्या आत जातात, आणि ती दोन वर्षे अशी जातात. हाल टळावेत म्हणून जो निर्णय घेतला, त्यानेच हालांना दार उघडून दिले, असा हा प्रकार आहे.

शस्त्रक्रिया आणि निष्क्रियता यांच्या मधोमध एक तिसरा मार्ग आहे. त्याला त्रिविध उपचार म्हणता येईल. प्रथम मूत्रमार्गातून दुर्बीण घालून दिसेल तेवढी सारी गाठ खरवडून काढावयाची. नंतर मूत्राशयावर किरणोपचार द्यावयाचे. आणि त्याच दिवसांत, किरणांचा प्रभाव रोगपेशींवर अधिक व्हावा म्हणून, बेताच्या मात्रेत औषधे द्यावयाची. पोट उघडावे लागत नाही, पिशवी लागत नाही, मूत्राशय जागच्या जागी राहतो. यानंतर दुर्बिणीने नियमित तपासणी होते आणि रोग पुन्हा खोलवर उद्भवला, तरच मूत्राशय काढण्याचा विचार करतात.

या मार्गाचा जन्मच मुळी शस्त्रक्रिया न झेपणाऱ्यांसाठी झाला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल इस्पितळातील विल्यम शिपली आणि त्यांचे सहकारी यांनी शस्त्रक्रियेस अयोग्य ठरलेल्या ७० रुग्णांना किरणोपचार व सिसप्लॅटिन एकत्र देऊन पाहिले आणि त्याचा वृत्तांत १९८७ साली प्रसिद्ध केला. ठरलेले किरणोपचार पुरे करणाऱ्यांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिकांच्या मूत्राशयातील रोग दिसेनासा झाला. जर्मनीत अर्लांगेन येथेही याच दिशेने दीर्घकाळ काम झाले. पुढे इंग्लंडमध्ये निकोलस जेम्स यांच्या नेतृत्वाखाली ४५ केंद्रांत ३६० रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१२ साली आले. नुसते किरणोपचार घेतलेल्यांत दोन वर्षांनी ५४ टक्के रुग्णांचा मूत्राशय व त्यालगतचा भाग रोगमुक्त होता. किरणांबरोबर फ्लुओरोयुरॅसिल व मायटोमायसिन ही औषधे दिलेल्यांत हे प्रमाण ६७ टक्के झाले. त्या चाचणीतील रुग्णांचे मध्यम वय सत्तरीच्या पलीकडचे होते. पुढील पाहणीत असे दिसले, की हे संयुक्त उपचार घेतलेल्यांपैकी पाच वर्षांत मूत्राशय काढावा लागला तो सुमारे १४ टक्क्यांचाच.

यावर शंका निघेल, की शस्त्रक्रियेच्या तुलनेत हा मार्ग दुय्यम तर नव्हे? शंका रास्त आहे. दोन्ही मार्गांची तुलना चिठ्ठ्या टाकून करण्याचा प्रयत्न इंग्लंडमध्ये झाला होता; पण आपला मूत्राशय ठेवावा की काढावा हे चिठ्ठीवर सोपविण्यास माणसे तयार होईनात, आणि ४५ रुग्णांवरच ती चाचणी आटोपती घ्यावी लागली. मग अमेरिका व कॅनडातील तीन विद्यापीठांच्या रुग्णालयांनी आपल्या ७२२ रुग्णांची काळजीपूर्वक जोडी लावून तुलना केली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पाच वर्षांपर्यंत रोग शरीरात अन्यत्र न पसरलेल्यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ७४ टक्के, तर मूत्राशय राखलेल्यांत ७५ टक्के आढळले. हे रुग्ण निवडक होते आणि ही तुलना चिठ्ठ्यांच्या चाचणीइतकी निर्णायक नव्हे, हे मान्य करूनही एवढे म्हणता येते, की योग्य रुग्णाच्या बाबतीत या मार्गाला दुय्यम म्हणण्याचे दिवस गेले. इंग्लंडच्या शासकीय मार्गदर्शक संस्थेने तर २०१५ सालीच असे सांगितले, की अशा रुग्णापुढे शस्त्रक्रिया आणि औषधयुक्त किरणोपचार हे दोन्ही पर्याय ठेवावेत, आणि त्यासाठी त्याची गाठ मूत्ररोगतज्ज्ञ व कर्करोगतज्ज्ञ या दोघांशीही घालून द्यावी.

वृद्धांपुरते बोलावयाचे तर औषधांची निवड ही कळीची बाब आहे. सिसप्लॅटिन हे प्रभावी खरे, पण ते मूत्रपिंडांना जड जाते, आणि वयपरत्वे मूत्रपिंडे तर क्षीण होतातच. 'यांना केमोथेरपी सोसणार नाही' असे जे सांगितले जाते ते बहुधा सिसप्लॅटिनपुरते असते. वर उल्लेखिलेल्या इंग्रजी चाचणीत ते औषध नव्हतेच. जेमसिटाबिन हे औषध अल्प मात्रेत आठवड्यातून एकदा देण्याची पद्धत मँचेस्टरच्या तज्ज्ञांनी वापरून दाखविली. आणखी एका चाचणीत तर केमोथेरपी मुळीच नव्हती : किरणोपचाराच्या वेळी रुग्णाला प्राणवायूत २ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेला वायू हुंगण्यास देत आणि जोडीला निकोटिनामाइड हे ब-जीवनसत्त्वाच्या जातीचे द्रव्य. प्राणवायूची तूट असलेल्या रोगपेशी किरणांना दाद देत नाहीत, ती तूट भरून काढण्याची ही युक्ती. ३३३ रुग्णांच्या या चाचणीत तीन वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ४६ वरून ५९ टक्क्यांवर गेल्याचे २०१० साली जाहीर झाले.

किरणोपचारांच्या फेऱ्याही आता कमी झाल्या आहेत. पूर्वी ३२ दिवसांचा, म्हणजे साडेसहा आठवड्यांचा क्रम सर्रास असे. २०२१ साली इंग्लंडमधील दोन चाचण्यांचा एकत्रित अभ्यास झाला आणि २० दिवसांचा, म्हणजे चार आठवड्यांचा क्रम निदान तितकाच गुणकारी असल्याचे सिद्ध झाले. ज्यांना रोज इस्पितळात जाणेही शक्य नाही अशा अतिवृद्धांसाठी आठवड्यातून एकदा, असे सहा वेळा किरण देण्याची पद्धतही तेथेच तपासली गेली. त्या चाचणीतील ६५ रुग्णांचे मध्यम वय ८५ होते! रोग आवाक्यात ठेवणे, रक्तस्राव थांबविणे आणि राहिलेले आयुष्य सुसह्य करणे हा अशा उपचाराचा हेतू असतो, आणि तो हेतू लहान नाही.

या कामात आपला देशही मागे नाही. मूत्राशय हा भरणारा आणि रिता होणारा अवयव. काल होता त्याच आकाराचा तो आज नसतो. म्हणून किरणांचा झोत त्यावर नेमका पाडणे अवघड असते. त्याच्या वेगवेगळ्या आकारांसाठी आधीच अनेक आराखडे तयार ठेवावयाचे आणि रोज छायाचित्र घेऊन त्या दिवसाला जुळेल तो आराखडा वापरावयाचा, ही पद्धत मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने यशस्वीपणे राबविली असून तिचे निष्कर्ष २०१६ साली आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहेत. आजूबाजूचे आतडे यामुळे वाचते आणि त्रास कमी होतो.

तथापि एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाण्याचे कारण नाही. हा मार्ग सर्वांसाठी नाही. मूत्राशयात अनेक ठिकाणी गाठी असतील, अस्तरावर रोग सर्वत्र पसरला असेल, मूत्रवाहिनी तुंबून मूत्रपिंड फुगले असेल, मूत्राशय आधीच आकसून निकामी झाला असेल किंवा ओटीपोटावर पूर्वी किरणोपचार झाले असतील, तर यश कमी मिळते. तेथे शस्त्रक्रियाच श्रेयस्कर ठरू शकते, आणि धडधाकट ऐंशीच्या माणसाने केवळ वयामुळे तिला भिण्याचे कारण नाही. किरणोपचारांच्या काळात वारंवार लघवीला लागणे, जळजळ, जुलाब, थकवा हे होतेच; ते बहुधा काही आठवड्यांत शमते. कायमचा गंभीर त्रास थोड्यांना होतो. अमेरिकेतील एका पाहणीत असे रुग्ण ७ टक्के होते. शिवाय मूत्राशय राहिला म्हणजे त्यावर पहारा आला : प्रारंभी दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी, आणि ती आयुष्यभर चुकवावयाची नाही. रोग उलटला आणि प्रकृती शस्त्रक्रियेजोगी नसेल, तर पर्याय थोडे उरतात. हे सारे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे.

मग निवाडा कशावर करावयाचा? आमच्या मते जन्मतारखेवर खचितच नव्हे. पंचाहत्तरीतला एक माणूस सकाळी उठून कुळागरात पाणी सोडतो, बाजार करतो. दुसऱ्याला अंथरुणातून उठताना आधार लागतो. वय तेच, शरीरे निराळी. चालण्याचा वेग, वजनातील घट, स्मृती, इतर आजार, चालू औषधे आणि घरातील आधार यांची पद्धतशीर पाहणी करून वृद्धाची खरी ताकद जोखण्याचे शास्त्र आज उपलब्ध आहे. तिला अर्धा-पाऊण तास लागतो, महागडे यंत्र लागत नाही. तीही न करता केवळ केसांच्या पांढरेपणावरून निर्णय देणे हे वैद्यकशास्त्र नव्हे.

आणखी एक गोष्ट आम्हांस परखडपणे सांगावीशी वाटते. आपल्याकडे असे निर्णय बहुधा खोलीच्या बाहेर होतात. मुलगे, जावई आणि डॉक्टर ओसरीवर हलक्या आवाजात बोलतात. आत खाटेवर पडलेल्या माणसाला रोगाचे नावही सांगितलेले नसते. ज्याने आयुष्यभर शेतीवाडीचे, मुलींच्या लग्नांचे, कोर्टकज्जांचे निर्णय घेतले, त्याला स्वतःच्या शरीराविषयीचा शेवटचा मोठा निर्णय मात्र घेता येत नाही. एखादा वृद्ध म्हणेल, 'मला पिशवी चालेल, पण रोग मुळासकट जाऊ दे.' दुसरा म्हणेल, 'चार वर्षे कमी मिळाली तरी चालतील, पण मला देवळात पूर्वीसारखे जाता आले पाहिजे.' तिसरा सारे ऐकून उपचारच नाकारील, आणि तोही त्याचा अधिकार आहे. त्याला वेदनाशमनाची उत्तम सोय मिळाली पाहिजे. तिन्ही उत्तरे योग्य असू शकतात. अयोग्य आहे ते न विचारणे.

आता आपल्या प्रदेशापुरते. गोव्यातील काय किंवा सीमाभागातील काय, कर्करोगाचे कितीतरी रुग्ण आजही मुंबईची वाट धरतात. सत्तरी वा काणकोणच्या वृद्धाला साडेसहा आठवडे परळला राहावयाचे म्हणजे बरोबर एक माणूस, त्याची बुडालेली मजुरी आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेपर्यंतची पायपीट आली. क्रम चार आठवड्यांवर आला, तर हा भार बराच हलका होतो. आणि उपचार घराजवळ मिळाला, तर उरतोही थोडा. मूत्ररोगतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ आणि औषधोपचारतज्ज्ञ यांनी अशा प्रत्येक रुग्णाचा विचार एकत्र बसून करावा, हा दंडक शासकीय इस्पितळांत तरी घालून देण्यास पैसा फारसा लागत नाही. टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ पासून देशभरातील कर्करोग केंद्रांचे जाळे विणले गेले आहे. त्याच्या साहाय्याने दूरच्या तज्ज्ञांचा सल्ला इथल्या इथे घेता येईल. सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, कुटुंबामागे वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्याची केंद्राची योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. तिचे कार्ड वृद्धांच्या हाती पोचविणे हे पंचायतींचे काम आहे. मात्र औषध आणि यंत्र यांच्या खर्चाबरोबर प्रवास व निवास यांचीही तजवीज झाल्याखेरीज खेड्यातील वृद्धाला तिचा पुरता उपयोग होणार नाही.

वाचकांना आमचे सांगणे थोडक्यात असे. लघवीतून एकदा जरी रक्त गेले, दुखत नसले तरी आणि आपोआप थांबले तरी, आठवड्याच्या आत डॉक्टरांना दाखवावे. घरात विडी-सिगारेट असेल तर ती आजच बंद करावी. उतारवयात सोडूनही लाभ होतो. आणि खोल गेलेल्या रोगाचे निदान झालेच, तर शस्त्रक्रियेला होकार वा नकार देण्यापूर्वी 'मूत्राशय राखून उपचार होण्यासारखा आहे काय, आणि त्यासाठी किरणोपचारतज्ज्ञांना कधी भेटावे?' एवढे डॉक्टरांना अवश्य विचारावे. विचारताना रुग्णाला बाहेर ठेवू नये. आपल्या वडिलांचे, आपल्या आईचे हाल होऊ नयेत अशी ज्यांची मनापासून इच्छा आहे, त्यांनी त्या इच्छेपोटी निदान एवढी चौकशी तरी पुरती करावी.